मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आता लायसन्सचं काय?

साठीच्या आसपास दोन गोष्टी बऱ्याचदा एकाच वर्षात येतात. डॉक्टर सांगतात, मोतीबिंदू काढायला झालाय. आणि ड्रायव्हिंग लायसन्सची मुदत संपत येते. यातली दुसरी गोष्ट योगायोगाची नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली जी दुरुस्ती झाली, तिच्यानुसार वयाच्या ५० ते ५५ वर्षांदरम्यान काढलेलं किंवा नूतनीकरण केलेलं खासगी लायसन्स ६० व्या वर्षापर्यंतच चालतं आणि पंचावन्नच्या पुढे दर खेपेला फक्त पाच वर्षांचं मिळतं. त्यामुळे घरोघरी प्रश्न पडतो की आधी डोळा करायचा की आधी आरटीओचं काम उरकायचं? ऑपरेशन झाल्यावर सर्टिफिकेट मिळतं का? डोळ्यात कृत्रिम लेन्स आहे हे सांगायचं की गप्प बसायचं?

थोडक्यात उत्तर असं: बहुतेकांनी आधी डोळा करावा, मग महिना-दीड महिना थांबावं, नव्या नंबरचा चष्मा करून घ्यावा आणि मगच मेडिकल सर्टिफिकेट घ्यावं. कायद्याने त्यासाठी पुरेसा वेळ दिलेला आहे. मात्र सर्टिफिकेट मिळालं म्हणजे रात्री मुंबई-गोवा महामार्गावर निघायला हरकत नाही, असा त्याचा अर्थ होत नाही.

कागदात नेमकं काय विचारलंय

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधले दोन नमुने डोळ्यांशी संबंधित आहेत. नमुना १ म्हणजे तुम्ही स्वतः स्वतःबद्दल करायचं निवेदन. नमुना १-अ म्हणजे नोंदणीकृत डॉक्टरने द्यायचं मेडिकल सर्टिफिकेट. खासगी गाडीसाठी १-अ चाळिशीनंतर लागतो. रिक्षा, टॅक्सी, ट्रक, बस चालवणाऱ्यांना कुठल्याही वयात लागतो.

नमुना १ मध्ये डोळ्यांबद्दल तीन प्रश्न आहेत. दिवसाच्या चांगल्या उजेडात २५ मीटरवरून मोटारगाडीची नंबरप्लेट प्रत्येक डोळ्याने ओळखता येते का? चष्मा असेल तर तो लावून. लाल आणि हिरवा रंग ओळखता येतो का? रातांधळेपणा आहे का? डॉक्टरच्या नमुन्यातही हेच विचारलेलं आहे, फक्त वेगळ्या शब्दांत: नजरेत दोष दिसतो का, असल्यास तो योग्य चष्म्याने सुधारलेला आहे का, २५ मीटरवरची प्लेट ओळखता येते का. शेवटी डॉक्टरला लिहून द्यावं लागतं की मी या माणसाला स्वतः तपासलं आणि लांबच्या नजरेकडे विशेष लक्ष दिलं.

‘डोळ्याचं ऑपरेशन झालं आहे का’ असा प्रश्न यात नाही. डोळ्यातली लेन्स नैसर्गिक आहे की बसवलेली, याच्याशी या नमुन्यांना देणंघेणं नाही. आत्ता दिसतं का, एवढाच मुद्दा आहे. चष्मा लावून दिसत असेल तरी पास. म्हणून ऑपरेशन लपवण्यात काही फायदा नाही. उलट डॉक्टरला डिस्चार्ज कार्ड दाखवलं तर त्याला नीट तपासता येतं.

रंगांबद्दल थोडं. मोतीबिंदू काढल्यावर निळा रंग एकदम भडक वाटतो, पांढरी भिंत निळसर दिसते आणि ऑपरेशन न झालेल्या डोळ्याने तीच भिंत पिवळट दिसते. काही जण यालाच घाबरतात. जुनी लेन्स पिवळी पडलेली होती, ती निघाली, एवढाच याचा अर्थ. लाल-हिरव्याची ओळख ऑपरेशनने बिघडत नाही. जन्मतः सौम्य किंवा मध्यम रंगांधळेपणा असलेल्यांना २०२० पासून लायसन्स मिळू शकतं. तीव्र असेल तर अजूनही अडचण आहे.

२५ मीटर म्हणजे हॉस्पिटलच्या तक्त्यावर कितवी ओळ?

दवाखान्यात ‘तुमची नजर ६/९ आहे’ असं सांगतात. पहिला आकडा तुम्ही तक्त्यापासून किती मीटरवर बसलात तो. दुसरा आकडा, तेच अक्षर निरोगी डोळ्याला किती मीटरवरून वाचता आलं असतं तो. म्हणजे ६/१२ वाला माणूस जे ६ मीटरवरून वाचतो, ते ६/६ वाल्याला १२ मीटरवरून वाचता येतं.

आता प्लेट घेऊ. नियमाप्रमाणे मोटारीच्या प्लेटवरची अक्षरं ६५ मिलिमीटर उंच आणि त्यांची रेघ १० मिलिमीटर जाड असते. २५ मीटरवरून ती उंची डोळ्यात जेवढा कोन करते त्याचा हिशेब मांडला तर उत्तर ६/११ च्या जवळपास येतं. रेघेच्या जाडीवरून मांडला तर ६/८ च्या आसपास. म्हणजे ६/९ असेल तर निश्चिंत, ६/१२ असेल तर काठावर आणि ६/१८ असेल तर प्लेट वाचणं अवघड. फार कडक कसोटी नाही ही. मोतीबिंदू नीट निघाला आणि आतला पडदा (रेटिना), पुढचं पारदर्शक बुबुळ (कॉर्निया) आणि नजरेची नस ठीक असेल तर चष्म्यासह ६/६ ते ६/९ मिळणं नेहमीचंच आहे.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये मोजून बघा

ही परीक्षा घरी देता येते आणि डॉक्टरकडे जाण्याआधी ती द्यावीच. पण लोक ती चुकीची देतात.

पहिली चूक स्कूटरची प्लेट वाचण्याची. दुचाकीच्या मागच्या प्लेटवरचे आकडे ४० मिलिमीटर आणि अक्षरं ३५ मिलिमीटर असतात, पुढची तर ३०. ती २५ मीटरवरून वाचता आली नाही म्हणून नजर अधू ठरत नाही. मोटारीचीच प्लेट हवी आणि हाय सिक्युरिटी प्लेट असेल तर उत्तम, कारण तिचे आकडे ठरलेल्या मापाचे असतात. ४१४१ चा ‘दादा’ केलेली प्लेट चांगल्या डोळ्यालाही कोडंच घालते.

दुसरी चूक ओळखीच्या गाडीची. शेजाऱ्याच्या गाडीचा नंबर आपण डोळ्याने नाही, आठवणीने वाचतो. पाहुण्याची गाडी शोधा. तिसरी चूक अंतराची. २५ मीटर अंदाजाने फार कमी धरले जातात. टेप नसेल तर वॅगन-आरएवढ्या सात गाड्या एकामागे एक लावल्या तर जेवढं अंतर होईल तेवढं, किंवा मध्यम चालीची पस्तीस-छत्तीस पावलं.

सकाळी नऊ-दहाच्या सुमारास, ऊन तुमच्या पाठीमागून प्लेटवर पडेल असं उभं राहा. लांबचा चष्मा असेल तर लावा. एक डोळा तळहाताच्या खोलगट भागाने झाका. बोटांनी झाकला तर फटीतून दिसतं आणि दाबला तर काढल्यावर दोन मिनिटं धूसर दिसतं. ऑपरेशनला आठवडाही झाला नसेल तर त्या डोळ्याला हात लावूच नका, चष्म्याच्या काचेवर कागद चिकटवा. आधी उजवा, मग डावा, मग दोन्ही मिळून. सोबतच्या माणसाला प्लेटजवळ उभं करून आकडे ताडून घ्या. ३ चा ८ होतोय किंवा ६ आणि ८ सारखे दिसताहेत असं झालं तर तुम्ही काठावर आहात.

“पण मला दुसऱ्या दिवशीच लख्ख दिसायला लागलं!”

दिसलं असेल. फेको पद्धतीत साधारण अडीच मिलिमीटरच्या छेदातून लेन्सचा चुरा करून ती शोषून घेतात आणि घडी घातलेली नवी लेन्स आत उलगडतात. टाका नसतो, पट्टी दुसऱ्या दिवशी निघते आणि बऱ्याच जणांना खरंच चकित करणारं दिसतं. तरी तो डोळा अजून स्थिर झालेला नसतो.

पहिले काही दिवस बुबुळाला थोडी सूज असते. बाहुली मोठी करणाऱ्या थेंबांचा परिणाम असेल तर उन्हात डोळे दिपतात. स्टिरॉइडचे थेंब चार ते सहा आठवडे हळूहळू कमी करत थांबवतात. छेद भरून येताना बुबुळाचा बाक किंचित बदलतो आणि त्याबरोबर नंबरही सरकतो. फेकोनंतर नंबर साधारण चार ते सहा आठवड्यांत स्थिरावतो. शिबिरांमध्ये आणि सरकारी रुग्णालयांत बऱ्याचदा छोट्या छेदाची बिनटाक्याची पद्धत वापरतात. तिचा छेद सहा मिलिमीटरच्या आसपास असतो, म्हणून तिथे सहा ते आठ आठवडे धरावेत. ही पद्धत कमी दर्जाची नाही, पिकून घट्ट झालेल्या मोतीबिंदूत ती अनेकदा जास्त सुरक्षित ठरते; फक्त स्थिरावायला जरा वेळ घेते.

दहाव्या दिवशी नंबर काढून चष्मा करणं म्हणजे ओल्या गिलाव्यावर रंग देणं. महिन्याने तो चष्मा कपाटात जातो आणि त्या चष्म्यावर घेतलेलं सर्टिफिकेटही मग तुमच्या नजरेबद्दल काही सांगत नाही.

गाडी चालवायला कधी सुरुवात करायची, हा प्रश्न सर्टिफिकेटपेक्षा वेगळा. ऑपरेशनच्या दिवशी नाहीच. त्यानंतर सर्जनने तपासून होकार दिला, दोन्ही डोळ्यांनी मिळून प्लेट आरामात वाचता येते आणि उन्हात डोळे दिपत नाहीत, एवढं जुळलं की दिवसा, ओळखीच्या रस्त्याने, कमी अंतर. काहींचं हे आठवड्यात जमतं, काहींना महिना लागतो. दुचाकीवाल्यांनी मात्र घाई करू नये. धूळ, वारा आणि हेल्मेट चढवताना-काढताना डोळ्याला लागणारा धक्का, तिन्ही गोष्टी पहिल्या तीन-चार आठवड्यांत नकोत.

एकच डोळा झालाय, दुसरा बाकी आहे

खरी गुंतागुंत इथे आहे. समजा, दोन्ही डोळ्यांचा नंबर आधी उणे ६ होता. उजव्याचं ऑपरेशन झालं, लेन्स बसवून नंबर शून्यावर आला. डावा अजून उणे ६. दोन्ही डोळ्यांचा नंबर बरोबर घालून चष्मा केला तर दोन डोळ्यांना एकाच वस्तूच्या लहान-मोठ्या प्रतिमा दिसतात आणि मेंदूला त्या जुळवता येत नाहीत. साधारण तीन नंबरांपर्यंतचा फरक बहुतेक जण सहन करतात. त्यापुढे डोकं दुखतं, पायऱ्या चुकतात, एकाचे दोन दिसतात. गाडी चालवताना अंतराचा अंदाज चुकतो, विशेषतः ओव्हरटेक करताना आणि पार्किंगमध्ये.

गंमत अशी की या अवस्थेत प्रत्येक डोळ्याची स्वतंत्र परीक्षा घेतली तर माणूस पास होऊ शकतो. उजवा चष्म्याशिवाय वाचतो, डावा जुन्या काचेतून वाचतो. नियमाचा कागद खूश, रस्त्यावर मात्र धोका. उपाय दोन: दुसऱ्या डोळ्याला तात्पुरती कॉन्टॅक्ट लेन्स, किंवा दुसरं ऑपरेशन लवकर उरकणं. मोठा नंबर असलेल्यांचं दुसरं ऑपरेशन बरेच सर्जन एक ते चार आठवड्यांत करतात, ते याचसाठी. दोन्ही डोळे व्हायचे असतील तर सर्टिफिकेट दुसऱ्या डोळ्याच्या नंबरनंतरच घ्यावं.

एका डोळ्याची नजर कायमचीच गेलेली असेल तर? नमुना १ मध्ये एक अपवाद आहे. लायसन्स किमान पाच वर्षं होतं, त्यानंतर डोळा गेला आणि अर्ज खासगी हलक्या वाहनासाठी आहे, ज्याला स्टिअरिंगच्या बाजूला बाहेरचा आरसा आहे, तर एका डोळ्याने प्लेट ओळखणं चालतं. व्यावसायिक वाहनांना ही सवलत नाही.

लेन्स निवडताना गाडीचा विषय काढा

ऑपरेशनआधी समुपदेशक लेन्सचं दरपत्रक समोर ठेवतो आणि चर्चा किमतीवर जाते. तिथे स्वतःहून सांगायला हवं: मी गाडी चालवतो, रात्री चालवतो, रोज इतकी चालवतो.

मोनोफोकल लेन्स एकाच अंतरासाठी असते. ती लांबच्यासाठी बसवली तर गाडीला चष्मा बहुधा लागत नाही, वाचायला लागतो. मल्टिफोकल लेन्स येणारा उजेड लांब-जवळ असा वाटून देते, म्हणून वाचायचा चष्माही सुटू शकतो. पण उजेड वाटला गेल्यामुळे अंधुक प्रकाशात काळ्या-करड्यातला फरक कमी कळतो आणि समोरच्या हेडलाइटभोवती वलयं दिसतात. अनेकांना काही महिन्यांत सवय होते, काहींना होतच नाही. रात्रपाळीचे टॅक्सीवाले, ट्रकचालक, एसटीचे चालक यांनी मल्टिफोकल घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. पोटापाण्याचं काम ज्या नजरेवर आहे, ती पेपर वाचायच्या सोयीसाठी पणाला लावू नये.

तिसरा प्रकार मोनोव्हिजनचा. एक डोळा लांबसाठी, दुसरा मुद्दाम उणे सव्वा ते उणे दीडवर ठेवलेला, जवळचं दिसावं म्हणून. घरात, दुकानात छान चालतं. पण उणे एक नंबर राहिला तरी चष्म्याशिवाय नजर ६/१८ च्या आसपास येते, म्हणजे तो डोळा एकट्याने २५ मीटरवरची प्लेट वाचणार नाही. आणि नमुना १ प्रत्येक डोळ्याबद्दल विचारतो. मोनोव्हिजनवाल्यांनी गाडीसाठी वेगळा चष्मा करून तो गाडीतच ठेवावा. परीक्षेलाही तोच लावावा.

बुबुळाच्या तिरकस नंबरासाठी (चष्म्याच्या चिठ्ठीवरचा सिलिंडर) टॉरिक लेन्स असते. ती ठरलेल्या कोनातच बसायला हवी. दहा अंश फिरली तर तिरकस नंबरावरचा एक तृतीयांश परिणाम जातो, तीस अंश फिरली तर जवळजवळ सगळाच. पहिल्या काही दिवसांत अक्षरांना सावली दिसायला लागली तर ‘नवी लेन्स आहे, होईल सवय’ म्हणत बसू नका. फिरलेली लेन्स लवकर कळली तर सरळ करता येते.

“माझं लायसन्स पुढच्याच महिन्यात संपतंय, एवढं थांबू कसा?”

थांबता येतं. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या एक वर्ष आधीपासून करता येतो आणि संपल्यावरही एक वर्षाच्या आत केला तर पुन्हा गाडी चालवून दाखवायची परीक्षा द्यावी लागत नाही. वर्ष उलटलं तर मात्र द्यावी लागते.

याचे दोन अर्थ. मोतीबिंदू अजून कच्चा आहे, चष्म्याने ६/९ दिसतंय, ऑपरेशन पुढच्या वर्षी करायचं ठरलंय, तर खुशाल आधीच नूतनीकरण करून घ्या. पण आत्ताच ६/१८ किंवा ६/२४ वर आला असाल तर आधी ऑपरेशन. लायसन्स ऑक्टोबरच्या सुरुवातीला संपतंय, ऑगस्टमध्ये एक डोळा आणि सप्टेंबरमध्ये दुसरा केला, तर नोव्हेंबरच्या सुरुवातीला नंबर निघेल, तिसऱ्या आठवड्यात चष्मा हातात आणि सर्टिफिकेट. तोवर मुदत संपून दीड-दोन महिने झालेले असतील, पण वर्षाच्या पुष्कळ आत.

मधल्या काळात मात्र स्टिअरिंगला हात लावायचा नाही. मुदत संपल्यावर पूर्वी तीस दिवस लायसन्स चालायचं, ती सवलत २०१९ च्या दुरुस्तीत गेली. आता मुदत संपलेलं लायसन्स खिशात असणं आणि लायसन्स नसणं सारखंच. विनालायसन्स चालवण्याचा दंड ५,००० रुपये आहे आणि कायद्यात तीन महिन्यांपर्यंत कैदेचीही तरतूद आहे.

नवा चष्मा लावूनही प्लेट वाचता येत नाही

तर जुन्या व्हिजिटिंग कार्डाला जाड सुईने साधारण एक मिलिमीटरचं भोक पाडा आणि त्यातून तीच प्लेट बघा. भोकातून जास्त स्पष्ट दिसलं तर गडबड बहुधा चष्म्याच्या नंबरात किंवा बुबुळाच्या बाकात आहे. नंबर परत तपासून घ्या. काहीच फरक पडला नाही किंवा आणखी धूसर झालं तर गडबड डोळ्याच्या आत असू शकते आणि चष्म्याच्या दुकानात चकरा मारण्यात अर्थ नाही.

आत काय असू शकतं? ऑपरेशननंतर चार-सहा आठवड्यांनी पडद्याच्या मधोमध सूज येते काहींना, मधुमेहींना जरा जास्त. आधी चांगलं दिसत होतं आणि महिन्याने धूसर झालं, सरळ रेघा वाकड्या दिसायला लागल्या, तर हीच शंका घ्यायची. ओसीटी नावाच्या स्कॅनमध्ये ती कळते आणि बहुतेकदा थेंबांनी उतरते. मिचकावल्यावर क्षणभर स्पष्ट आणि परत अंधुक, असं होत असेल तर डोळा कोरडा आहे. गाडीतल्या एसीचा झोत तोंडावर असेल तर आणखी वाढतो. आणि लहानपणापासून आळशी असलेला डोळा मोतीबिंदू काढल्याने शहाणा होत नाही. तो जेवढा होता तेवढाच राहतो, हे ऑपरेशनआधीच सर्जनला विचारून ठेवावं.

डोळा दुखतोय, लाल झालाय आणि नजर कमी होतेय, असं तिन्ही एकत्र आलं किंवा एका बाजूने पडदा ओढल्यासारखं, विजा चमकल्यासारखं दिसलं, तर लायसन्स राहू द्या, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

आणखी एक कारण उशिरा येतं, काही महिन्यांनी किंवा काही वर्षांनी. नवी लेन्स ज्या पातळ पिशवीत बसवतात, तिची मागची बाजू धुरकट होते. लोक म्हणतात, ‘मोतीबिंदू परत आला’. परत येत नाही. पिशवीवर साय धरते. याग लेसरने तिच्यात मधोमध खिडकी पाडतात, काही मिनिटांचं काम, कापाकापी नाही. त्या दिवशी बाहुली मोठी केलेली असते, म्हणून गाडी घरच्यांनी चालवायची. लायसन्स पाच वर्षांचं आणि पिशवी धुरकट व्हायला दोन वर्षं पुरतात. मधल्या काळात आरटीओ काही तुम्हाला बोलावणार नाही. तेव्हा प्लेटची परीक्षा वर्षातून एकदा आपणहून द्यावी.

कागद रात्रीचं काही विचारत नाही

रातांधळेपणाचा एक प्रश्न सोडला तर सगळी परीक्षा दिवसाउजेडी, उभ्या माणसाची, उभ्या गाडीकडे बघून. ताशी ६० किलोमीटरने २५ मीटर दीड सेकंदात संपतात. समृद्धी महामार्गावर १२० ने पाऊण सेकंदात. म्हणजे जेमतेम २५ मीटरवरचं दिसणाऱ्याला तिथे काही करायला वेळच उरत नाही.

ऑपरेशन झालेल्या डोळ्याने दिवसा ६/६ वाचणारा माणूसही पहिले काही आठवडे रात्री अडखळू शकतो. बाहुली अंधारात मोठी होते, उजेड लेन्सच्या कडेवरून विखुरतो, समोरून एलईडी हेडलाइट आला की त्याच्यामागे रस्ता ओलांडणारा माणूस नाहीसा होतो. हे मोजायचं कसं? शेजारच्या सीटवर बसा, कुणाला तरी रात्री घाटातून किंवा दुभाजक नसलेल्या रस्त्याने गाडी चालवायला सांगा आणि समोरच्या गाडीचा झोत गेल्यावर रस्त्याची पांढरी कड किती वेळाने परत दिसते ते बघा. चालवणाऱ्यालाही ती केव्हा दिसली ते विचारा. तुम्हाला बराच उशीर होत असेल तर अजून थांबा. रात्री गाडी चालवायला म्हणून विकले जाणारे पिवळ्या काचेचे चष्मे घेऊ नका; ते उजेड अडवतात, नजर वाढवत नाहीत. हॉस्पिटलने दिलेला काळा चष्मा तर रात्री मुळीच नको.

मोतीबिंदू सोडून दुसरं काही झालं असेल तर

चष्मा घालवायच्या लॅसिक लेसरनंतर नजर लवकर येते, रात्रीची वलयं आणि कोरडेपणा काही महिने रेंगाळू शकतो. बुबुळाचा वरचा थर काढून करायच्या लेसरला जास्त आठवडे लागतात. पडदा सरकल्याच्या ऑपरेशनमध्ये डोळ्यात वायू भरला असेल तर तो विरेपर्यंत गाडी नाही, विमान तर नाहीच. त्याऐवजी सिलिकॉन तेल भरलं असेल तर नंबर बराच अधिककडे सरकतो आणि तेल काढल्यावर परत बदलतो, म्हणून तेल असताना केलेला चष्मा तात्पुरताच. बुबुळ बदललं असेल तर नजर स्थिरावायला वर्षही लागू शकतं.

काचबिंदूचं वेगळं आहे. त्यात समोरचं ६/६ दिसतं आणि कडेचं गेलेलं असतं. २५ मीटरची प्लेट वाचता येते, डाव्या बाजूने घुसणारा मोटारसायकलवाला दिसत नाही. नमुन्यात बाजूच्या नजरेचा वेगळा प्रश्न नाही. तिथे शेवटचा सर्वसाधारण प्रश्न लागू होतो, की तुमच्या चालवण्याने लोकांना धोका होईल असा दुसरा काही आजार आहे का. काचबिंदूवाल्यांनी मोतीबिंदू काढल्यावर प्लेट वाचता आली म्हणून खूश होण्याआधी फील्ड टेस्टचा, म्हणजे बाजूची नजर मोजणाऱ्या तपासणीचा, अहवाल डॉक्टरला दाखवावा. मधुमेहासाठी पडद्यावर भरपूर लेसर झालेल्यांनीही.

“एजंट न तपासताच सही आणून देतो की”

देतो. त्या सहीने लायसन्स मिळतं, दिसायला लागत नाही. चुकीची माहिती देऊन मिळवलेलं लायसन्स रद्द करण्याचा अधिकार कायद्याच्या कलम १९ मध्ये आहे. आजार किंवा अपंगत्वाच्या कारणाने परवाना प्राधिकरण केव्हाही नवं मेडिकल सर्टिफिकेट मागू शकतं, हे कलम १६ मध्ये. नमुना १ वर सही तुमची असते, एजंटची नाही.

त्यापेक्षा फॅमिली डॉक्टरकडे जाताना तीन गोष्टी न्याव्यात: डिस्चार्ज कार्ड, सर्जनने दिलेला शेवटचा नंबर, ज्यावर चष्म्यासह आणि चष्म्याशिवाय दोन्ही डोळ्यांची नजर लिहिलेली असेल, आणि तो चष्मा. डॉक्टरला १-अ भरायला पाच मिनिटं पुरतात. ऑनलाइन अर्ज करणार असाल तर तो डॉक्टर परिवहन विभागाच्या प्रणालीत नोंदलेला आहे का हे आधी विचारा, नाहीतर सही झालेला कागद पोर्टलवर अडतो.

परदेशातल्या नातेवाइकांसाठी

ब्रिटनमध्ये प्लेट २० मीटरवरून वाचायची असते आणि शिवाय नजर किमान ६/१२ हवी. तिथल्या लायसन्सवर ०१ हा संकेत असेल तर त्याचा अर्थ चष्मा किंवा कॉन्टॅक्ट लेन्स लावूनच चालवायचं. ऑपरेशननंतर चष्मा सुटला तरी तो संकेत आपोआप जात नाही, डीव्हीएलए या तिथल्या लायसन्स खात्याला कळवून काढून घ्यावा लागतो. कॅलिफोर्नियात डीएमव्हीच्या, म्हणजे तिथल्या आरटीओच्या, खिडकीवरच तक्ता वाचून दाखवतात. दोन्ही डोळ्यांनी मिळून २०/४० आणि एका डोळ्याने २०/४०, दुसऱ्याने किमान २०/७०. तिथे फुटांत मोजतात, २०/४० म्हणजे आपलं ६/१२. त्यात कमी पडलं तर डीएल ६२ नावाचा फॉर्म नेत्रतज्ज्ञाकडून भरून आणायला सांगतात. मुलाकडे सहा महिने राहायला गेलेल्यांनी एक डोळा इथे आणि दुसरा तिथे असा बेत करू नये. लेन्सचा प्रकार आणि ठरवलेला नंबर लिहिलेलं कार्ड सोबत नसेल तर तिथल्या सर्जनला दुसऱ्या डोळ्याची जोडी जमवणं अवघड जातं.